वरणाचा धाकटा गंज

धाडच्या आसपासच्या पाच-पंचवीस गावांत पंजाबराव आचाऱ्याला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो जेवत नसावा असं खुशाल समजावं. लग्न असो, तेरवी असो, मारुतीचा भंडारा असो, आधी पंजाबरावाची तारीख घ्यायची आणि मग भटजीला मुहूर्त विचारायचा, अशी या भागात रीतच पडली होती. वय त्रेपन्न, वजन एकशे चार किलो. सदऱ्याचं खालचं बटण कधीच लागायचं नाही. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण आचाऱ्याचं पोट हीच त्याची पाटी. वाळक्या आचाऱ्याच्या हातचं जेवायला माणूस दहादा विचार करतो.

गंमत अशी, की पंजाबराव स्वतः शपथेवर सांगायचा, "मी काहीच खात नाही." आणि तो खोटं बोलत नव्हता. तीस वर्षांत तो पंगतीला कधी बसला नाही. सकाळी चहा, रात्री घरी अर्धी भाकर, तीही तानुबाईनं पुढं सरकवली म्हणून. तानुबाई म्हणजे त्याची बायको. वीस वर्षांपासून ती त्याच्याबरोबर प्रत्येक कामाला जात होती. डाळ शिजवणं, बायांकडून कणीक मळून घेणं आणि नवऱ्याची बोलणी खाणं, एवढी तिची कामं. तिची आणखी एक सवय होती. वरणाचा मोठा गंज, म्हणजे शेकडो माणसांचं वरण मावेल असं ते भलंमोठं पातेलं, चुलीवर चढलं की ती बाजूला एका धाकट्या गंजात थोडी डाळ वेगळी शिजवून झाकून ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "पावने वाढले तं लागते." पंजाबराव लोकांना सांगायचा, "पाहा, माह्या कामात कसं नियोजन असते."

चैत्रात एका गावी भंडारा होता. भंडाऱ्याला आपल्याकडे रोडगेच लागतात. शेतात लांबलचक चर खणून त्यात गोवऱ्या पेटवलेल्या, निखारे पडलेले, त्यात कणकेचे गोळे भाजायला टाकलेले. पंजाबराव नेहमीप्रमाणे अनवाणी, एका हातात झारा, दुसऱ्या हातात वांग्याच्या भाजीची वाटी, डोळे मिटून चव घेतोय. तानुबाईला कसला तरी वास आला. तिनं खाली पाहिलं आणि ती ओरडलीच.

"अहो, पाय जळून राह्यला!"

"कोनाचा?" पंजाबरावानं डोळे न उघडता विचारलं.

त्याचाच होता. अंगठ्याखाली निखारा चिकटलेला होता, कातडी करपली होती, आणि गडी भाजीत तिखट कमी आहे का याचा विचार करत होता.

धाडला डॉक्टर सुचिता यांचा दवाखाना आहे. वयानं लेकीसारखी पोरगी, पण बोलायला एकदम सरळ. तिनं पाय धुतला, पट्टी केली, रक्त तपासलं. साखर तीनशे चाळीस निघाली.

"काका, निखाऱ्यावर पाय पडला आणि तुम्हाला कळलं नाही. याचा अर्थ समजतो का?"

"देवाची कृपा. नाहीतं किती दुखलं असतं!"

"देवाची नाही, साखरेची कृपा. पायाची जाणीव गेली आहे. ही जखम भरेल. पुढच्या वेळी अंगठा राहील की नाही, मी सांगू शकत नाही. आणि हे अंगठ्यावर थांबतं असंही नाही." तिनं त्याला काट्यावर उभं केलं. "गोळ्या देते. पण वर्षभरात पंधरा किलो उतरले पाहिजेत. पायात बूट, घरात असा नाहीतर चुलीपुढे. आता सांगा, दिवसभरात खाता काय?"

"चहा. आन अर्धी भाकर."

डॉक्टरनं तानुबाईकडं पाहिलं. तानुबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपलं नाही.

"काकू, एक काम करा," डॉक्टर म्हणाल्या. "आता जे पहिलं लग्न असेल, तिथं एक मोठा डबा न्या. काका जेवढं तोंडात घालतील, तेवढंच त्याच गंजातून डब्यात टाकायचं. जास्त नाही, कमी नाही."

पंजाबराव खो खो हसला. म्हणाला, "नेऊ दे. रिकामाच येईन डबा."

वैशाखात पायाला पट्टी बांधून, बूट घालून तो पहिल्या लग्नाला गेला. पोरीच्या सासरी लाडू पाठवायचा स्टीलचा डबा तानुबाईनं सोबत घेतला होता. दिवस उजाडायच्या आत भट्टी पेटली आणि दोन तासांत पंजाबराव डबा विसरला. कामात तो बायकोलाही विसरायचा, तर डब्याची काय कथा. शिरा झाला, चाखला. तूप बरोबर बसलं का म्हणून परत चाखला. बुंदीचे दाणे, पाकाच्या आधी आणि पाकानंतर. भजं कुरकुरीत झालं का, हे अर्ध्या भज्यावरून कसं कळणार? शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण पंजाबरावाला परीक्षेला मूठभर भात लागायचा. कढी वाटीनं, वरण पळीनं, मसालेभातातले काजू सहज हाताला लागले म्हणून.

पंगती उठल्यावर तानुबाईनं डबा आणून पुढं ठेवला. झाकण बसत नव्हतं.

"हे कोनासाठी भरलं वं?"

"कोनासाठी कशाले? तुमच्या पोटात जे गेलं, त्याचा हा जुळा भाऊ हाय."

"काहीही बोलू नको."

"आन हा दुसरा डबा हाय. पह्यला अकरा वाजताच भरला होता. तो मी भांडे घासनाऱ्या बायांत वाटून देल्ला."

पंजाबराव डब्याकडं बघत राहिला. शिऱ्यावर बुंदी, बुंदीवर भजी, भज्यांवर भात, त्यातून वाट काढत कढी खाली गेलेली. चार माणसं आरामात जेवली असती. त्याला खरंच वाईट वाटलं. तीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की आपण उपाशीपोटी दुनियेला जेवू घालतो, आणि त्याचा त्याला अभिमान होता. ताटात पडतं तेच खाणं, बाकी सगळं काम, असा त्याचा सरळ हिशेब. पोटाला मात्र हा फरक कुणी सांगितला नव्हता.

त्या दिवसापासून गड्यानं कंबर कसली, हे मान्य करावं लागेल. पहिली गोष्ट, ताटात वाढून घेऊन, खाली बसून जेवायचं. दोन्ही वेळा. त्यालाच ते इतकं अवघड गेलं, की पहिले आठ दिवस तो घास घेऊन उठायचा आणि चुलीकडं जाऊन यायचा. कामावर असताना तोंडाला दुपट्टा बांधायचा. लोक विचारायचे, "काऊन भाऊ, कोरोना पुन्हा आला का?" हा म्हणायचा, "आला ना. माह्यापुरता."

जखम भरल्यावर चालणं सुरू केलं. गाव ते धाड तीन किलोमीटर, सकाळी जाऊन येऊन सहा. पण आपल्या रस्त्यावर माणसाला सुखानं चालू देतात का? प्रत्येक जीप थांबायची. "बसा ना भाऊ! पैशे कोन मांगून राह्यलं?" नको म्हटलं तर ड्रायव्हर रागवायचा, की आमच्या गाडीत बसायला लाज वाटते का. पहिल्या आठवड्यात पंजाबराव मुलाहिज्यापायी चारदा जीपमध्ये बसून चालायला गेला. मग त्यानं युक्ती काढली. जीप दिसली की रस्त्याकडेला उभं राहून कुणाच्या तरी शेताकडं बघायचं, जसं काही सोयाबीन पाहायला आलो आहोत. दसऱ्यापर्यंत काटा ब्याण्णववर आला. सदऱ्याचं खालचं बटण लागलं, तेव्हा तानुबाईनं ते दोनदा लावून पाहिलं.

लोकांना मात्र हे पटेना. "भाऊ, बिमार हाय का?" इथपासून ते "आचारी वाळला म्हंजे हात गेला समजा" इथपर्यंत. दोन लग्नं दुसऱ्या आचाऱ्याकडं गेली. पंजाबरावाला ते लागलं.

एक गोष्ट त्यानं सोडली नव्हती. गोड सोडलं, तळलेलं सोडलं, पण मीठ? "मीठ तं चाखावंच लागते. एक बोट." वरण, भाजी, कढी, प्रत्येकी एक बोट. आणि जित्याची खोड कुठं जाते? तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तांचा धडाका लागला आणि बोटाचा चमचा झाला, चमच्याची वाटी. मिठापुरतीच वाटी, हे खरं, पण वाटी ती वाटीच. महिन्याभरात वजन पंच्याण्णव झालं, साखर चढली, रक्तदाबही निघाला. आणि त्याच अंगठ्याला बूट चावून फोड आला होता, काळपट. कळला नव्हता, नेहमीप्रमाणे.

डॉक्टर सुचिता या वेळी रागावल्या नाहीत, आणि त्याचीच पंजाबरावाला जास्त भीती वाटली. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, रक्तदाबामुळे आता तुमच्या जेवणात मीठही कमी हवं. आणि चाखल्याशिवाय तुमचा स्वयंपाक होत नसेल, तर स्वयंपाक सोडा. मला तुमचा पाय वाचवायचा आहे."

घरी येऊन तो ओट्यावर बसला. तो घाबरला होता, अगदी सरळ घाबरला होता. पाय गेला तर काम जाणार. आणि काम सोडून पाय ठेवला, तर त्या पायानं जायचं कुठं? लोक त्याला पंजाबराव म्हणून नाही, त्याच्या जिभेसाठी बोलवत होते, असं त्याला वाटायचं. ती जीभच बांधून ठेवायची म्हणजे हातपाय बांधून विहिरीत टाकल्यासारखं.

तानुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मामंजी कुठी चाखायचे?"

हे खरं होतं. पंजाबरावाचा बाप फक्त भंडाऱ्यांचा स्वयंपाक करायचा. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी जीभ लावली की अन्न उष्टं झालं, म्हणून तो कधी थेंबही चाखायचा नाही. वास घ्यायचा, रंग बघायचा, उकळीचा आवाज ऐकायचा आणि मुठीनं मीठ टाकायचा. पोराला त्यानं तसंच शिकवलं होतं. पुढं पंजाबराव लग्नांची कामं घ्यायला लागला, लग्नात नैवेद्याचं बंधन नाही, म्हणून चाखायला लागला. मग ती सवय भंडाऱ्यातही आली. "देव समजून घेते," असं तो म्हणायचा. देवानं समजून घेतलं असेल, साखरेनं घेतलं नाही.

मार्गशीर्षात गोकुळच्या गावी मारुतीचा भंडारा होता. गोकुळ म्हणजे तिथला कर्ता माणूस, देवस्थानाचं सगळं तोच बघायचा. तो स्वतः घरी आला. बाराशे पान होतं. बोलता बोलता म्हणाला, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. ऐकलं का तुमी चाखनं सोडून राह्यले. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. चाखसान ना?"

पंजाबराव म्हणाला, "तुह्या मारुतीच्या आधी चाखू का?"

गोकुळ हात जोडून गेला. पण जाताना चेहरा काही खुलला नव्हता. तो गेल्यावर पंजाबराव बायकोला म्हणाला, "हे जमलं तं ठीक. नाही जमलं तं झारा ठेवून देतो. मंग शेत पाहू."

भंडाऱ्याच्या दिवशी थंडी चांगलीच होती. मारुतीपुढच्या शेतात चर पेटले, रोडगे पडले. पंजाबराव बूट घालून, तोंडाला दुपट्टा बांधून फिरत होता. वांग्याच्या भाजीनं तेल सोडलं, तसा त्यानं वास घेऊन जाळ ओढायला सांगितलं. इथपर्यंत सोपं होतं. मग वरणाचा मोठा गंज उकळायला लागला. पंजाबरावानं मिठात हात घातला. बापानं शिकवलेली मूठ, अंगठा आत घेऊन, वरून सपाट. एक टाकली, दुसरी टाकली. एरवी इथं तो बोट बुडवायचा आणि म्हणायचा, "अळनी हाय," आणि आणखी दीड मूठ टाकायचा. आज हात पुन्हा मिठाकडं गेला आणि तसाच थांबला. वरणाची वाफ तोंडावर येत होती. दुपट्टा खाली ओढायला किती वेळ लागतो? कुणी बघतही नव्हतं. बाराशे माणसं, गोकुळ, गावाची इज्जत, आणि तीस वर्षांचं नाव. बाप मोठ्या गंजाला तिसरी मूठ अर्धीच टाकायचा, एवढंच त्याला आठवलं. त्यानं अर्धी टाकली, हात झटकला आणि गंजापासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

नैवेद्याचं ताट गेलं. आरती सुरू झाली तसा सगळा गाव देवळाकडं गेला. एरवी पंजाबरावच सगळ्यांत पुढं असायचा. आज बूट काढायची बंदी होती, आणि बूट घालून देवापुढं कसं जायचं? म्हणून तो कणकेच्या पोत्यांमागं, रोडगे निवत घातले होते तिथं टेकला आणि तिथूनच हात जोडले.

तेवढ्यात त्याला तानुबाई दिसली. आरतीला न जाता ती गंजाकडं आली होती. नैवेद्य होऊन गेलेला, त्यामुळे आता चाखायला हरकत नव्हती. तिनं इकडं तिकडं पाहिलं, झाकून ठेवलेला धाकटा गंज ओढून मोठ्या गंजाजवळ आणला, त्याचं झाकण काढलं, आत पळी ठेवली. सगळं इतकं सवयीनं, की पंजाबरावाच्या लक्षात आलं, हे ती आज पहिल्यांदा करत नाही. मग तिनं मोठ्या गंजातलं वरण वाटीत घेतलं, फुंकून चाखलं. थांबली. पुन्हा घेतलं, पुन्हा चाखलं. आणि धाकट्या गंजातली पळी बाहेर काढून त्याच्यावर परत झाकण ठेवलं.

"काय करून राह्यली वं?"

तानुबाई दचकली. वाटी हातातून पडता पडता राहिली.

"काही नाही. पावने वाढले तं..."

"पावने अजून बसले नाही. त्या गंजात काय हाय?"

पंजाबराव उठून आला, झाकण काढून पाहिलं. हळद घातलेली नुसती शिजलेली डाळ. मीठ नाही, फोडणी नाही.

"आज नाही लागत," तानुबाई खाली बघत म्हणाली. "तीन सालांत आज पह्यल्यांदा नाही लागत."

मग तिनं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एका तेरवीला पंगत उठली तर निम्म्या पानांवर वरण तसंच पडलेलं, आणि माणसं तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. तिनं चाखलं तर तोंड खारट झालं. पुढच्या कामाला पुन्हा तेच. पंजाबरावाची जीभ दिवसभराच्या तिखट-मिठानं आणि रोगानं पार बधिर झाली होती, पायासारखीच, आणि त्याला ते पायासारखंच कळलं नव्हतं. मग ती अळणी डाळ वेगळी शिजवायला लागली. भंडाऱ्यात आरतीच्या वेळी, लग्नात तो कपडे बदलायला गेला की, ती वरणात डाळ मिसळायची, भाजीत दाण्याचा कूट. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथं लोकांच्या आवडत्या आचाऱ्याचं मीठ बायको गुपचूप अळणी करत होती.

"तीन साल मले फसवलं?" पंजाबरावाचा आवाज चढला.

"फसवलं नाही. झाकलं."

"सांगाव तं लागत होतं!"

"दोनदा सांगाले आली. पन तुमी जीभ टाळूले लावून असे डोळे मिटायचे, की माह्यानं सांगनं होये नाही." तिचे डोळे भरले. "आज तुमी चाखलं नाही ना, म्हनून हात बरोबर पडला. मीठ बरोबर हाय. मामंजी टाकायचे तसं."

पंजाबरावाला राग आला होता, लाज वाटली होती, आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडाही कुणी उचलून घेतला होता. जी जीभ जायची भीती त्यानं इतके दिवस उराशी धरली, ती केव्हाच गेली होती. हात मात्र होता. आणि मधल्या तीन वर्षांत त्याचं नाव ज्या दोन हातांनी सांभाळलं, ते हात त्याच्यासमोर रिकामी वाटी घेऊन उभे होते. त्यानं दुपट्ट्यानं तिचे डोळे पुसले. चारचौघांत असं त्यानं कधी केलं नव्हतं, पण चारचौघं आरतीत होते.

पहिली पंगत बसली. पंजाबराव आडोशाला उभा राहून पानांकडं बघत होता. वरण दुसऱ्यांदा मागत होते लोक. तिसऱ्या पंगतीला त्यानं हात धुतले आणि रांगेच्या शेवटी मांडी घालून बसला. तीस वर्षांत पहिल्यांदा. पंगतीत कुजबूज झाली. गोकुळ स्वतः तुपाची चरवी घेऊन धावत आला. पंजाबरावानं पानावर आडवा हात धरला.

"अर्धा रोडगा दे. थोडी भाजी. तूप नको."

"आन वरन?"

"ते मोठ्या गंजातलं नको. तिच्याजवळ धाकटा गंज हाय, त्यातलं वाढ."

गोकुळ गोंधळला. "भाऊ, मोठ्या गंजातलं घ्या ना! आज तं वरन असं जमलं, की पुसू नका. तुमी चाखलं नाही, म्हनून तुमाले ठाऊक नाही."

"ठाऊक हाय," पंजाबराव म्हणाला. "तिनं चाखलं हाय."

तानुबाईनंच अळणी वरण आणून वाढलं. पंजाबरावानं रोडगा कुस्करला, त्यात ते कालवलं आणि सावकाश, एक घास संपल्यावर दुसरा घेत, सगळं संपवलं. पान स्वच्छ झाल्यावर त्यानं तिला बाजूची जागा दाखवली आणि गोकुळला म्हणाला, "आता हिचं पान मांड."